रकाना क्रमांक सात

शेवटी गोळ्यांची पेटी वस्तीवर परत आली.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. नजर चुकून त्यावरून गेली असेल तर ती मागं घ्या. पेटी परत आली वगैरे काही झालेलं नाही. अजून तर ती बंदसुद्धा पडलेली नाही. आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

मी एक रकाना आहे, जुना. घड्याळांनी, छत्र्यांनी, शाळेच्या घंटांनी तुम्हाला आपापल्या आयुष्याची कहाणी सांगितली असेल. त्या सगळ्यांना निदान वजन तरी असतं. मी म्हणजे दोन उभ्या रेघा आणि मधली मोकळी जागा. रेघा पुसल्या तर मी उरत नाही आणि जागा काढून घेतली तर रेघा एकमेकींवर पडतात. रुंदी दीड सेंटिमीटर. डोक्यावर लाल शाईत एकच शब्द: जात.

माझा जन्म १९९८च्या एप्रिलात, भीमेच्या काठच्या एका आरोग्य केंद्रात, औषधाच्या खिडकीमागं झाला. केंद्र शिरूर तालुक्यात, एवढंच सांगतो. नाव सांगितलं तर चौकशी लागेल, आणि चौकशीत सगळ्यात आधी मलाच झेरॉक्सच्या काचेवर पालथं घालून दाबतील.

माझे जन्मदाते ईश्वर. हुद्दा औषध निर्माण अधिकारी. गाव त्यांना कंपाउंडर म्हणायचं, आणि त्यांनी आयुष्यात एकही औषध निर्माण केलं नव्हतं. वरून डबे यायचे, त्यातल्या गोळ्या मोजून ते कागदाच्या पुडीत घालायचे. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येईल आणि सगळं त्यांच्यावर ढकलून तुम्ही मोकळे व्हाल.

झालं असं, की वरच्या कार्यालयाकडून एक परिपत्रक आलं. सरकारी औषधं सगळ्या समाजांपर्यंत सारखी पोचतात, की काही माणसं मागंच राहतात, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून औषध देताना प्रत्येक रुग्णाची जात लिहायची. प्रकार तीन: अ.जा. म्हणजे अनुसूचित जाती, अ.ज. म्हणजे अनुसूचित जमाती, आणि इतर म्हणजे उरलेलं जग. पहिल्या दोन प्रकारांचे पंचवीसच्या वर रुग्ण ज्या वस्तीत निघतील, तिथं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी औषधांची पेटी जाणार आणि लोकांना महिनाभराच्या गोळ्या दारात मिळणार. माझ्या जन्मामागचा हेतू चांगला होता, मित्रांनो. असं फार थोड्यांना म्हणता येतं.

छापील नोंदवहीत माझ्यासाठी जागा नव्हती. ईश्वरांनी पट्टी घेतली, सहावा रकाना 'स्त्री/पुरुष' आणि सातवा 'औषध' यांच्यामध्ये एक रेघ मारली आणि मला तिथं बसवलं. त्यामुळं 'औषध' आठवा झाला. त्यानं मला ते कधी माफ केलं नाही. "आधी गोळी, मग बाकीचं," असं तो जाता-येता बडबडायचा. रकान्यांना कुठं जाता-येता येत नाही, तरी बडबडायचा. आता वाटतं, त्याचंच बरोबर होतं.

माझी कामाची वर्षं सुरू झाली ती अंदाजानं. ईश्वरांना जात विचारायची लाज वाटायची. नाव काय, गाव कुठलं, वय किती, इथपर्यंत त्यांचा आवाज खणखणीत. माझ्यापाशी आला की तो बसायचा. मग ते न विचारताच माणूस कुठल्या आळीतला आहे ते बघून लिहायचे. खालची आळी म्हटली की अ.जा., ठाकरवस्ती म्हटली की अ.ज., बाकी सगळे इतर. एका बदलून आलेल्या गुरुजींनी खालच्या आळीत खोली घेतली, तर ते अकरा महिने अ.जा. होते. वरच्या आळीत राहायला गेले त्या दिवशी त्यांची जात बदलली. खोकला तोच राहिला.

एकदा कोरेगाव भीमाच्या कारखान्यात माल उतरवून परत निघालेला हिंदी बोलणारा ट्रकवाला पोट धरून खिडकीशी आला. त्या दिवशी ईश्वरांनी धीर करून विचारलं, "जात?" तो म्हणाला, "ड्राइवर." ईश्वरांनी लिहिलं: ड्रायव्हर. एकदा ईश्वर स्वतःच आजारी पडले, स्वतःच खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि स्वतःच्या नावापुढं त्यांनी जात लिहिली: शासकीय.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्यावर बोट ठेवून "रकाना चांगला ठेवलाय," असं म्हटलं होतं. माझ्या आयुष्यातली तेवढी एकच स्तुती. बोटाला तेल होतं. तो डाग अजून आहे.

आता नदीपलीकडं चला. पलीकडचा काठ दौंड तालुक्यात. तिथं राहू गावाच्या अंगाला बौद्धांची साठेक घरांची एक वस्ती आहे. वस्ती कागदानं दौंडात आणि औषधानं शिरूरात, कारण बंधाऱ्यावरून चालत आलं की वीस मिनिटांत आमची खिडकी. पावसाळ्यात मात्र बंधाऱ्यावरून पाणी जायचं. मग पुलाला वळसा घालून, दोन ठिकाणी जीपगाड्या बदलून यावं लागायचं आणि सबंध दिवस जायचा. म्हणून त्या वस्तीला पेटीची गरज सगळ्यात जास्त, आणि १९९९ पासून ती तिथं जातही होती. ईश्वरांच्या अंदाजानं वस्तीत अ.जा. रुग्ण एक्केचाळीस. अंदाज का होईना, गोळ्या खऱ्या होत्या.

केंद्रातल्या शितल सिस्टर लुना चालवायच्या, मागं ईश्वर बसायचे, त्यांच्या मांडीवर हिरवी पत्र्याची पेटी आणि पेटीवर मी. विहाराच्या ओट्यावर पेटी उघडायची. त्या एक्केचाळीस जणांत एक अनसाबाई. वय चोपन्न, रक्तदाबाचा त्रास, रोज एक पांढरी गोळी. दुसऱ्यांच्या मळ्यात फुलं तोडायला जायच्या. साक्षरता वर्ग आला तेव्हा कंदिलाच्या उजेडात त्या लिहायला शिकल्या होत्या, आणि नोंदवहीत अंगठा देत नव्हत्या. दहाव्या रकान्यात सही करायच्या, पूर्ण नावाची, इतक्या सावकाश की मागची रांग खाली बसायची.

२००१ च्या एप्रिलातला मंगळवार. अनसाबाईंनी सही केली आणि पेन परत द्यायच्या ऐवजी बोट मागं मागं आणत माझ्यावर ठेवलं.

"ह्यात काय लिवलंय, सायेब?"

"ते शासनाचं आहे."

"माझ्या नावाम्होरं हाय, म्हंजी माझंच की. ह्यो अ, ह्यो जा. कुणी सांगितलं तुमाला?"

ईश्वर पेटीतल्या डब्यांची तोंडं उगाच घट्ट करू लागले. "विचारायला बरं वाटत नाही हो, अनसाबाई."

"इचारायला लाज वाटती, आन् लिवायला वाटत न्हाई व्हय?"

शितल सिस्टर दुसरीकडं बघून हसल्या. अनसाबाई म्हणाल्या, "आना हिकडं. माझं मी लिवते."

आणि त्यांनी लिहिलं, मित्रांनो. आधी ईश्वरांची दोन अक्षरं एका सरळ रेघेनं खोडली, मग वरच्या मोकळ्या जागेत 'बौ' काढला. जोडाक्षरापाशी थांबल्या. ओठ हलवून काहीतरी आठवलं. वेळ लागत होता. रांगेत मागं म्हाळूआप्पा होते. आप्पांचा वस्तीच्या कडेला झेंडूचा मळा. अनसाबाई त्यांच्याकडंच कामाला जायच्या. आप्पांनाही तीच पांढरी गोळी होती, आणि फुकटची गोळी बागायतदारालाही चालते.

"अनसाबाई, आवरा की," आप्पा म्हणाले. "माझा बीपी वाढाया लागला हितं."

"वाढू द्या आप्पा. गोळी हितंच हाय."

अक्षर पूर्ण झालं. त्याचं शेपूट माझी रेघ ओलांडून आठव्या रकान्यात गेलं. 'औषध'नं तेवढी जागा दिली. माझ्यात कुणीतरी विचारून, जाणून, स्वतःच्या हातानं लिहिलेलं ते पहिलं अक्षर. तोवर मी दोन रेघांमधली जागा होतो. त्या दिवशी माझं घर झालं.

"मग मला बी लिवू द्या," आप्पा म्हणाले.

"तुम्ही काय लिवणार?"

"बागायतदार."

"झेंडूला भाव न्हाई तवा काय लिवता मग?" अनसाबाईंनी विचारलं, आणि सगळा ओटा हसला.

त्यानंतर सगळी वस्ती अडून बसली. ज्याला लिहिता येत होतं त्यानं लिहिलं, नाही त्यानं सांगितलं: बौद्ध लिवा. वर्षभर दर पहिल्या मंगळवारी मी वरपासून खालपर्यंत एकाच शब्दानं भरायचो. मला वाटलं, आता माझा जन्म सार्थकी लागला. रकान्यांना फार अक्कल नसते.

२००२ चा मार्च आला. मार्चमध्ये गोषवारा करतात. गोषवारा म्हणजे वर्षभर आलेल्या माणसांना तीन चौकोनांत कोंबायचं. ईश्वर टेबलाशी बसले, समोर छापील फॉर्म, त्यात तीन चौकोन. पलीकडच्या वस्तीचं पान आलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, बौद्ध कशात धरायचे?"

शितल सिस्टर सुया उकळत होत्या. "अ.जा.त धरा की सर. दरवेळी तेच असतं."

"दरवेळी मी लिहीत होतो. आता त्यांनी लिहिलंय. त्यांनी ती जात सोडली म्हणतात, विहार बांधला, आणि आपण मागून जाऊन परत चिकटवायची? बरं दिसतं का? अनसाबाईंनी वाचलं तर?"

"मग?"

"इतर," ईश्वर म्हणाले. "इतर म्हटलं की मान राहतो."

आणि फार हळुवारपणे, आपण काहीतरी चांगलं करतोय अशा तोंडानं, त्यांनी अ.जा.च्या चौकोनात शून्य लिहिलं आणि इतरच्या चौकोनात एक्केचाळीस अधिक एक आप्पा. मी त्यांच्या कोपराखाली होतो. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. द्वेषानं केलेलं नुकसान मोजायला सरकारकडं रकाने आहेत, मित्रांनो. अदबीनं केलेलं नुकसान लिहायला एकही नाही.

जूनमध्ये पत्र आलं. 'सदर वस्तीत पात्र लाभार्थी आढळून येत नसल्याने औषध पेटी जुलैपासून बंद करण्यात येत आहे.' ईश्वरांनी ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि चहा मागवला. चहा थोडा माझ्यावर सांडला. मी एवढंच जाणतो जेवढं माझ्यावर सांडतं: शाई, चहा आणि बोलणं.

जून संपला तशा अनसाबाईंच्या गोळ्या संपल्या. बंधाऱ्यावरून पाणी सुरू झालं होतं. जुलैच्या मध्यावर त्या पुलावरून वळसा घालून आल्या. बरोबर त्यांची लेक करुणा, दौंडच्या कॉलेजात शिकणारी. ईश्वरांनी त्यांना पत्र वाचून दाखवलं.

"आढळून येत न्हाई?" अनसाबाई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. "मी हितं उभी हाय की. आढळते का बघा."

"ते तसं नसतं अनसाबाई. कागदावर आढळावं लागतं."

"कागदावर तर मी सोताच्या हातानं हाय."

"तिथंच तर घोळ झालाय," ईश्वर म्हणाले, आणि त्यांनी पाच गोळ्या मोजून पुडी बांधली.

"पाचच?"

"खिडकीवर पाच दिवसांच्याच देता येतात. महिन्याच्या फक्त पेटीतनं. नियम आहे."

पाच गोळ्यांसाठी एक दिवस. अनसाबाईंनी मनात हिशोब केला असावा. त्यांनी सही केली, नेहमीसारखीच सावकाश.

पुढच्या खेपेला, म्हणजे पाचव्या दिवशी यायच्या त्या, अकराव्या दिवशी आल्या. ईश्वरांनी तारखा पाहिल्या. "मधल्या दिवसांच्या गोळ्या पुरल्या कशा?"

"पुरवल्या," अनसाबाई म्हणाल्या. "अडकित्त्यानं."

सुपारी फोडायच्या अडकित्त्यानं त्या गोळीचे दोन तुकडे करत होत्या. अर्धी आज, अर्धी उद्या. मागं कपाटात पलीकडच्या वस्तीच्या वाट्याच्या गोळ्यांचा डबा भरलेला होता. कडीला कुलूप नव्हतं. ते उठले, कपाटापर्यंत गेले, तिथून परत आले आणि त्यांनी पाच गोळ्यांची पुडी बांधली.

मग ते खिडकीतून वाकून हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, मी एक मार्ग सांगतो. त्या नोंदवहीतला तुमचा शब्द खोडा. वर जुनी जात लिहा, नाहीतर नुसतं अ.जा. लिहा. तुमच्या हातानं लिहिलंय, तर तुमच्याच हातानं खोडावं लागेल, खाडाखोडीखाली सही करून. तुम्ही खोडलं की बाकीचे खोडतील. मी गोषवारा दुरुस्त करून पाठवतो. पेटी दोन महिन्यांत सुरू."

"आई, खोडून टाक," करुणा लगेच म्हणाली. "मी सांगते ना. आपण काय आहोत ते काय त्या वहीवर ठरतं का?"

अनसाबाईंनी पेन घेतलं. मित्रांनो, मी वाट पाहत होतो. मला तो शब्द फार प्रिय होता, तरी मनातून म्हणत होतो, खोडा. मी काय, कागद आहे. कागदाला खोडलेलं दुखत नाही. पेनचं टोक माझ्यावर टेकलं, एक बारीक ठिपका पडला, आणि तिथंच थांबलं.

"करुणा, दोनच शबुद मला न अडखळता लिवता येत्यात," त्या म्हणाल्या. "एक माझं नाव. आन् दुसरा ह्यो. तुझ्या बापाला ह्योच शबुद तुझ्या शाळंच्या दाखल्यावर लिवून घ्यायला चार खेपा पडल्या हुत्या. चार गोळ्यांसाठी मी खोडू?"

"चार गोळ्या न्हाईत गं आई त्या."

"मग किती हायत?"

करुणानं पुडी पिशवीत टाकली. याचं उत्तर मला आता देता येतं, पण विचारायला कुणी नाही.

करुणा हुशार होती. पुढच्या खेपेला ती आपल्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन आली. "सर, बौद्धांनाही अनुसूचित जातीतच धरतात. बारा वर्षं झाली त्याला. मला शिष्यवृत्ती मिळते ती काय इतरमधी मिळते का? दोन्ही खरं हाय. आई लिहिते ते बी खरं, आन् तुमच्या चौकोनात बसतं ते बी खरं. खोडायचं कशाला? नुसतं मोजा नीट."

ईश्वरांनी झेरॉक्स दोन्ही बाजूंनी पाहिली. मागची बाजू कोरी होती. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण गोषवारा वर गेलाय. वर गेलेला कागद खाली यायला अर्ज लागतो."

अर्ज करुणानं तिथंच बाकावर बसून लिहिला. सप्टेंबरात त्याचं उत्तर आलं. मागणी रास्त होती, असं त्यात लिहिलं होतं. मात्र एका रकान्यात दोन प्रकारची माहिती बसू शकत नाही. तरी रकाना क्रमांक सातचे '७अ: रुग्णाने सांगितलेले' आणि '७ब: गणनेसाठी' असे विभाजन करावे, व विभाजित नमुन्यास मान्यता मिळेपर्यंत 'आहे ती स्थिती' ठेवावी.

माझ्या दीड सेंटिमीटरच्या देहाचं विभाजन करायला तीन टेबलांची मान्यता लागणार होती. राज्यं यापेक्षा लवकर फुटतात.

त्या चार महिन्यांत अनसाबाई चार वेळा खिडकीवर आल्या. चार पंचे वीस गोळ्या. अडकित्त्यानं चाळीस अर्ध्या. बाकीचे दिवस त्या काय घेत होत्या, ते कुठल्याही रकान्यात नाही. चौथ्या खेपेला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, डोकं गच्च होतंय असं त्या म्हणाल्या. डॉक्टर मीटिंगला गेले होते. ईश्वर म्हणाले, "ऊन आहे, सांभाळून जा."

मग एक दिवस खिडकीशी म्हाळूआप्पा उभे होते. दिवाळी चार दिवसांवर आलेली, आप्पांच्या अंगाला झेंडूचा वास. रांग नव्हती तरी ते रांगेत उभे राहिल्यासारखे उभे होते.

"अनसाबाईचा जुना केसपेपर पायजे," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात मागत्यात."

"काय झालं?"

"सकाळी फुलं तोडत हुत्या. मी बांधावर हुतो. म्हनलं, पाटी भरली का न्हाई? तर बोलनात. बघतोय तर उजवा हात खाली लोंबतोय, आन् डाव्या हातानं फुलं तोडायचं चालूच. तोंड वाकडं झालेलं." आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "टेम्पोत क्रेट भरलं हुतं मार्केटला. तसंच वर घातलं त्यांना आन् नेलं."

ईश्वर केसपेपर शोधत राहिले. तो समोरच होता.

"मी बी तीच गोळी खातो," आप्पा म्हणाले. "पेटी बंद झाली तसं माझं पोरगं मोटरसायकलवरनं केडगावातनं आनतंय. मला कवा वाटलंच न्हाई, एक पाकीट जादा आन म्हनावं. रोज माझ्याच मळ्यात हुत्या की हो."

केसपेपर घेऊन ते गेले. खिडकीच्या फळीवर झेंडूची एक पाकळी राहिली. ईश्वरांनी ती उचलली, इकडं तिकडं पाहिलं, आणि कुठं टाकावी ते न सुचून नोंदवहीत ठेवून वही मिटली. ती अजून माझ्यापाशी आहे. तपकिरी झाली.

विभाजनाची मान्यता नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. तीन सह्या, एक शिक्का. ईश्वरांनी पट्टी आणि लाल पेन घेतलं आणि माझ्या मधोमध एक रेघ ओढली. दुखलं नाही. सगळे विचारतात म्हणून सांगितलं.

तीन डिसेंबर, मंगळवार. पेटी वस्तीवर परत आली. हो, तेच वाक्य. मी म्हणालो होतो ते वाचू नका.

अनसाबाई घरासमोर बाजेवर होत्या. दवाखान्यातून आणून आठवडा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शितल सिस्टरांनी तीस गोळ्यांची पुडी करुणाच्या हातात दिली. मग नोंदवही बाजेवर ठेवली. ईश्वर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी स्वतः लिहिलं. ७ब मध्ये: अ.जा. ७अ मध्ये 'बौद्ध' लिहायला गेले, तर अर्ध्या रकान्यात तो शब्द मावेना. तेव्हा त्यांनी लिहिलं: 'बौ.'

अनसाबाई मान वळवून पाहत होत्या. त्यांनी डावा हात पुढं केला. करुणाला कळलं, तिनं पेन दिलं. पेन माझ्यावर आलं आणि एक उभी रेघ खाली ओढली गेली, थरथरत, ७अ मधून ७ब मध्ये. ती 'ब'ची होती का, हे मी सांगू शकत नाही. ब काढताना उभी रेघ लागतेच. पण मला खोडायलाही उभी रेघ चालते.

"राहू द्या अनसाबाई," शितल सिस्टर म्हणाल्या. "अंगठा चालतो." आणि त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवून दहाव्या रकान्यात टेकवला. दहा वर्षांपूर्वी ज्या बाईनं अंगठा सोडला होता, तिच्याकडून आम्ही तो परत मिळवला.

करुणानं पेन उचलून टोपण लावलं. ईश्वर अजून गुडघ्यावरच होते. ते म्हणाले, "आमचं काम फक्त..." आणि त्यांनी नोंदवही मिटली. विहाराच्या ओट्यावर रांग थांबली होती, चाळीस जण बाकी होते, म्हणून ते उठले.

मार्चमध्ये कपाटातल्या, पेटी बंद असतानाच्या गोळ्यांची मुदत संपली. नियमाप्रमाणं दवाखान्यामागं खड्डा खणून त्या पुरल्या आणि पंचनाम्यावर दोन सह्या झाल्या. त्या वर्षीच्या गोषवाऱ्यात पलीकडची वस्ती 'नियमित लाभार्थी' म्हणून झळकली. आमच्या केंद्राचं कौतुक झालं.

अनसाबाई २००४ च्या उन्हाळ्यात गेल्या. पुढच्या वर्षी केंद्रात कॉम्प्युटर आला. त्यात मी नाही. त्यात जातीची एक यादी आहे आणि बाणाचं बटण दाबून त्यातलं एक निवडायचं. मला मोडक्या वजनकाट्याखाली ठेवलं. करुणा एकदा येऊन गेली. आईनं लिहिलेल्या त्या पानाची झेरॉक्स तिला हवी होती. नव्या माणसानं सांगितलं, रुग्णाची माहिती खाजगी असते, रुग्णानं स्वतः येऊन अर्ज करावा. ती पाच मिनिटं उभी राहिली आणि गेली. मी चार हातांवर होतो.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी 'आमची काळजी घ्या' असं म्हणायची रीत आहे. मी म्हणत नाही. माझी काळजी वाळवी घेते. मोठे व्हाल, कुठल्यातरी टेबलामागं बसाल, हातात पट्टी येईल, तेव्हा माझ्यासारखे रकाने जरूर आखा. कोण मागं राहिलं ते आखल्याशिवाय दिसत नाही. पण माणसाला विचारा, विचारायला लाजू नका, आणि तो जे सांगेल ते मावेल एवढी जागा ठेवा. आणि समोरच्या हाताला गोळी लागतेय असं दिसलं तर कपाटापर्यंत गेल्यावर रिकाम्या हातानं परत येऊ नका. कुलूप नसतं.

बाकी माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते योग्य नमुन्यात देतो.

प्रति, मा. संबंधित अधिकारी. विषय: थकीत औषध मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, श्रीमती अनसाबाई, रा. नदीपलीकडील वस्ती, यांच्या दि. १ जुलै ते ३१ ऑक्टोबर २००२ या एकशे तेवीस दिवसांच्या गोळ्यांपैकी वीस गोळ्या अदा झालेल्या असून उर्वरित एकशे तीन गोळ्या मागील तारखेपासून मंजूर करण्यात याव्यात. सदर गोळ्या अर्ध्या न करता देण्यात याव्यात. त्या लाभार्थीच्या उजव्या हातात देण्यात याव्यात. आणि पोच म्हणून अंगठा न घेता सही घेण्यात यावी, व ती पूर्ण होईपर्यंत थांबावे.

आपला विश्वासू,
रकाना क्र. ७ (अ) व (ब)